धुक्यातलं वळण

माझ्या नाना-नानींचा एकच फोटो आमच्या घरात आहे. तालुक्याच्या गावी, स्टुडिओत काढलेला. नाना खुर्चीवर ताठ बसलेले, नानी डोक्यावरचा पदर सावरत बाजूला उभी, आणि दोघांच्या मागे पडद्यावर रंगवलेला बर्फाचा डोंगर आणि त्यावरून कोसळणारा धबधबा. दोघांनीही आयुष्यात कधी बर्फाचा डोंगर पाहिला नव्हता. त्यांचं गाव भीमेच्या काठी, करमाळा तालुक्यात. १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात ते गेलं. मी तेव्हा लहान होतो, पण गावाबाहेरचं नदीचं वळण आणि पहाटे पाण्यावर तरंगणारं धुकं मला आठवतं. त्या वळणाचा मात्र एकही फोटो कुणापाशी नाही. फोटो काढण्यासारखं तिथं काही आहे, असं कुणाला वाटलंच नाही. फोटो काढायचा तो धबधब्याचा, आणि धबधबा असतो परदेशात!

निसर्गाच्या छायाचित्रांबद्दल आपली समजूत थोडीफार अशीच असते. वाण्याच्या दुकानातल्या दिनदर्शिकेवर स्वित्झर्लंडचं तळं, न्हाव्याच्या दुकानात कॅनडाची शिखरं. आता ती चित्रं मोबाइलवर आली, एवढाच फरक. ‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण नेहमी वापरतो. पण डोंगर साजरा दिसावा म्हणून कुणीतरी जवळ जावं लागतं, तिथं थांबावं लागतं, हे आपल्या लक्षात येत नाही. आणि असं एखादं चित्र पुढे काय काय करू शकतं, हेही आपण फारसं विचारात घेत नाही. आज मला अशाच एका छायाचित्राची गोष्ट सांगायची आहे. त्यातही नदीचं वळण आहे आणि पहाटेचं धुकं आहे. ती नदीही धरणात जाणार होती. फरक इतकाच की, तिचा फोटो कुणीतरी काढला होता.

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं मोठं बेट आहे. क्षेत्रफळ साधारण अडुसष्ट हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्शाहून थोडं जास्त. या बेटाचा नैर्ऋत्य भाग मोठा दुर्गम. समुद्रावरून येणारे पश्चिमेचे वारे तिथं अडतात आणि पाऊस कोसळत राहतो. घनदाट जंगलं, खोल घळी आणि चहाच्या रंगाच्या नद्या. काठच्या माळरानांवरचं कुजकं गवत-मुळं पाण्यात उतरतात, त्यामुळे पाण्याला हा रंग येतो. पाणी भरपूर आणि उतार मोठा, म्हणून विसाव्या शतकात या बेटानं जलविद्युतीचा ध्यास घेतला आणि एकामागून एक धरणं उभी राहिली.

या भागात लेक पेडर नावाचं एक तळं होतं. त्याच्या काठाला गुलाबी झाक असलेल्या वाळूची लांबलचक पुळण होती. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ती इतकी रुंद आणि घट्ट होई की, लहान विमानं तिच्यावर उतरत. १९५५ साली या तळ्याभोवतीचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला आणि १९६७ साली वीजप्रकल्पासाठी तो दर्जा काढून घेतला गेला.

ओलेगास ट्रुकानास हा माणूस इथं आपल्या गोष्टीत येतो. मूळचा लिथुआनियाचा. दुसऱ्या महायुद्धाच्या वावटळीत देश सुटला आणि १९४८ साली तो टास्मानियात येऊन पोहोचला. योगायोग असा की, त्याला नोकरी मिळाली ती धरणं बांधणाऱ्या वीजमंडळातच. आठवडाभर कचेरी आणि सुटी मिळाली की पाठीवर ओझं घेऊन रानात, असं त्याचं आयुष्य. १९५८ साली तो एकटा लहानशा होडीतून गॉर्डन नदीनं थेट समुद्राच्या खाडीपर्यंत गेला. जाईल तिथं तो छायाचित्रं काढी. वर्षानुवर्षं जमवलेल्या पारदर्शिकांचा, म्हणजे आपण ज्यांना स्लाइड म्हणतो त्यांचा, मोठा साठा त्याच्या घरी झाला होता. फेब्रुवारी १९६७ मध्ये होबार्ट शहराच्या आसपास भयंकर वणवा पेटला. साठांहून अधिक माणसं गेली. त्या आगीत ट्रुकानासचं घर जळालं आणि त्यासोबत सगळी छायाचित्रंही.

कवीची वही हरवली तर काय होतं, ते मला ठाऊक आहे. काही कविता आठवून पुन्हा लिहिता येतात, काही येत नाहीत. ट्रुकानासपुढे आठवून काढण्याचा मार्गच नव्हता. छायाचित्र काढायचं तर त्या जागी परत जावं लागतं. तो गेला. पुन्हा त्याच डोंगरांत, त्याच तळ्याकाठी, आणि पेडर बुडण्याआधी जमेल तेवढं त्यानं टिपून घेतलं. होबार्टच्या नगरभवनात संगीताच्या साथीनं तो या स्लाइड दाखवी. सभागृह गच्च भरे. ज्या लोकांनी ते तळं कधी पाहिलं नव्हतं, त्यांनी ते तिथं पाहिलं.

तळं मात्र वाचलं नाही. १९७२ साली पाणी चढलं आणि सुमारे दहा चौरस किलोमीटरचं तळं दोनशे चाळीस चौरस किलोमीटरच्या जलाशयाच्या तळाशी गेलं. त्याच वर्षीच्या जानेवारीत, गॉर्डन नदीची छायाचित्रं काढण्यासाठी निघालेला ट्रुकानास त्या नदीत वाहून गेला. वय अठ्ठेचाळीस. शोधाशोध झाली आणि काही दिवसांनी त्याचा देह पाण्यात अडकलेला सापडला. तो शोधणारा तरुण होता पीटर डोम्ब्रॉव्स्किस.

हा पीटर १९४५ साली जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत जन्मला होता. आईवडील लात्वियाचे. वडील युद्धात हरवले. १९५० साली आई लहानग्याला घेऊन होबार्टला आली. तिनंच त्याला पहिला कॅमेरा दिला. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याची ट्रुकानासशी ओळख झाली आणि त्या वडिलधाऱ्या माणसात त्याला गुरू मिळाला, बापाची मायाही मिळाली. रानात कसं चालायचं, नदी कशी ओळखायची आणि न बोलता एका जागी कसं बसायचं, हे तो तिथं शिकला. आपल्याकडे उस्तादाच्या पायाशी बसणं म्हणतात, तसंच हे शिक्षण.

आता त्याच्या कामाची रीत सांगतो, कारण इथंच आपली समजूत चुकते. आपल्याला वाटतं, जागा सुंदर असली आणि कॅमेरा महाग असला की फोटो झाला. डोम्ब्रॉव्स्किस वापरायचा तो लिनहॉफ नावाचा मोठ्या आकाराचा कॅमेरा. त्यात रिळ नसतं. चार इंच बाय पाच इंचांचा फिल्मचा एकेक तुकडा अंधारात डब्यात भरून न्यायचा. कॅमेरा तिपाईवर लावायचा, डोक्यावर काळं कापड घ्यायचं आणि मागच्या धुरकट काचेवर दृश्य पाहायचं. तेही उलटं दिसतं, आकाश खाली आणि पाणी वर. त्या उलट्या चित्रात रचना जमवायची, भिंगाचं तोंड बारीक करायचं म्हणजे जवळचा दगड आणि दूरची कपार दोन्ही रेखीव येतात, आणि मग एक फोटो काढायचा. एकच! दुसऱ्यासाठी पुन्हा सगळा खटाटोप. पाठीवर तंबू, शिधा आणि त्यावर हे यंत्र. अशा वेळी माणूस वाटेल तिथं कॅमेरा उघडत नाही. आधी डोळ्यांनी काम पुरं करतो.

दुसरी गोष्ट उजेडाची. माणसाचा डोळा मोठा समजूतदार आहे. झाडाखालची सावली आणि वरचं लख्ख ऊन, दोन्ही तो एकाच वेळी सांभाळून घेतो. फिल्मला ते जमत नाही. तिची सहनशक्ती कमी. भर दुपारी जंगलात फोटो काढा, सावल्या काळ्याकुट्ट येतात आणि उजेडाचे पांढरेफटक डाग पडतात. म्हणून हे लोक पहाट धरतात, संध्याकाळ धरतात, आणि डोम्ब्रॉव्स्किससारखे काही जण ढगाळ दिवसाची वाट पाहतात. आपण ज्याला खराब हवा म्हणतो, ती त्यांची कामाची वेळ. ढगातून गाळून आलेला उजेड शेवाळाचा, ओल्या सालीचा खरा रंग दाखवतो.

आणि धुकं? रात्री घळीत थंड, दमट हवा साचते, पाण्यावर धुकं धरतं, ऊन आलं की विरतं. ते असतं तेवढ्या अवधीत एक जादू होते. जवळचा कडा गडद, त्यामागचा फिका, त्याच्याही मागचा जवळजवळ पुसलेला, असे थर पडतात. सपाट कागदाला खोली येते. हे ज्ञान पुस्तकात आहे. पण कोणत्या वळणावर धुकं किती वेळ टिकतं, हे तिथं मुक्काम केलेल्यालाच कळतं.

तयारी आणि दैव यांचं नातं कसं असतं, याचा एक दाखला अमेरिकेतलाही आहे. १९४१च्या १ नोव्हेंबरला अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स न्यू मेक्सिकोतल्या रस्त्यानं गाडीतून चालले होते. हर्नांडेझ नावाच्या खेड्यावर चंद्र उगवलेला आणि दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचं शेवटचं ऊन. त्यांनी गाडी थांबवली, मोठा कॅमेरा उभारला, पण उजेड मोजायचं यंत्र काही सापडेना. चंद्राची तेजस्विता किती, हा आकडा त्यांना पाठ होता. त्यावरून मनातल्या मनात हिशेब करून त्यांनी एक फोटो काढला. दुसऱ्याची तयारी करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. तो फोटो जगभर गाजला. लोक म्हणतात नशीब. नशीब खरंच, पण ते आकडा पाठ असलेल्याच्या पदरात पडलं.

आपण पुन्हा टास्मानियात येऊ. पेडर गेल्यावर पाळी आली फ्रँकलिन नदीची. सुमारे सव्वाशे किलोमीटर लांबीची, कुठेही न अडवलेली नदी. ती गॉर्डनला मिळते त्याच्या खाली धरण बांधायचं ठरलं. त्या नदीवर जाणारे लोक तरी किती! रबरी होडीतून, खळाळ आणि कडे ओलांडत, कित्येक दिवसांचा प्रवास. डॉक्टर असलेला बॉब ब्राऊन नावाचा तरुण १९७६ साली तसा गेला आणि पुढे तोच या चळवळीचा पुढारी झाला. डोम्ब्रॉव्स्किसही कॅमेरा घेऊन या नदीत उतरला. १९७९च्या सुमारास एका पहाटे ‘रॉक आयलंड बेंड’ नावाच्या वळणावर त्यानं कॅमेरा लावला. काळंभोर पाणी, मधोमध खडकाचं झाडी माथ्यावर घेतलेलं बेट, मागे घळीत धुकं. कॅमेऱ्याची झडप सावकाश मिटली, त्यामुळे पाण्यावरच्या फेसाच्या पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या वळत गेल्या. चित्रात माणूस नाही, पशुपक्षी नाही. पाहणाऱ्याला वाटतं, आपणच त्या काठावर उभे आहोत आणि आवाज केला तर काहीतरी बिघडेल.

१९८१ साली टास्मानियात सार्वमत झालं. दोन धरणांपैकी कोणतं हवं, एवढाच प्रश्न होता. नकोच, असं म्हणायची सोयच नव्हती. तर सुमारे एक तृतीयांश मतदारांनी मतपत्रिकेवर स्वतःच्या हातानं ‘धरण नको’ असं लिहिलं. १९८२च्या डिसेंबरात या प्रदेशाची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली आणि त्याच महिन्यात नदीवर सत्याग्रह सुरू झाला. बाराशेहून अधिक लोकांना अटक झाली. पुढच्या मार्चमध्ये देशाची निवडणूक होती. मतदानाच्या तीन दिवस आधी सिडनी आणि मेलबर्नच्या मोठ्या दैनिकांत पानभर रंगीत जाहिरात आली. वृत्तपत्रं तेव्हा काळी-पांढरी असत, त्यात हे रंगीत पान. त्यावर डोम्ब्रॉव्स्किसचं धुक्यातलं वळण होतं आणि खाली विचारलं होतं, याचा नाश करणाऱ्या पक्षाला तुम्ही मत देणार का?

बॉब हॉक यांचा मजूर पक्ष धरण थांबवण्याचं वचन देऊन निवडून आला. केंद्र सरकारनं कायदा केला. टास्मानियाचं सरकार न्यायालयात गेलं आणि १ जुलै १९८३ रोजी ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमतानं केंद्राच्या बाजूनं कौल दिला. नदी वाचली. सगळं श्रेय एका फोटोला देणं बरोबर नाही. तुरुंगात गेलेली माणसं होती, वकील होते, निवडणुकीला दुसरीही कारणं होती. पण मेलबर्नच्या उपनगरातल्या ज्या बाईनं ती नदी कधी पाहिली नव्हती आणि पाहणारही नव्हती, तिच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी नदी पोहोचली, ती त्या फोटोमुळेच. ट्रुकानासची चित्रं एका गावाच्या सभागृहात राहिली होती, शिष्याचं चित्र देशभर गेलं.

आता थोडं उलट बाजूनं. सोलापूरकडच्या माणसानं धरणाविरुद्ध एकतर्फी बोलावं, हे शोभत नाही. उजनीचंच पाणी पिऊन मी मोठा झालो. आमच्याकडचा ऊस, आमची शहरं त्या पाण्यावर उभी आहेत. टास्मानियातही धरणाच्या बाजूनं असलेली माणसं दुष्ट नव्हती. त्यांना रोजगार हवा होता. फोटो हा न्यायाधीश नव्हे. तो इतकंच करतो की, काय जाणार आहे ते निकालाआधी सर्वांसमोर ठेवतो. माझ्या नानांच्या गावाचा निवाडा झाला तेव्हा ते गाव कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. पाहिलं असतं तरी कदाचित तोच निर्णय झाला असता. पण पाहून झाला असता.

दुसरी एक गोष्ट चित्रकारांनाही नंतर उमगली. ‘निर्मनुष्य रान’ म्हणून जे दाखवलं जातं ते बहुधा निर्मनुष्य नसतं. फ्रँकलिनच्या काठी कुटिकिना नावाची गुहा आहे. १९८१ साली तिथं दगडी हत्यारं आणि हाडं यांचे थर सापडले. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या कडाक्यात, टास्मानियाच्या आदिवासींचे पूर्वज तिथं चूल पेटवून बसत होते. न्यायालयातल्या खटल्यातही या गुहांचं महत्त्व मोठं ठरलं. अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्याचंही तसंच. १८६१ साली कार्ल्टन वॉटकिन्स यांनी खेचरांवर काचेच्या प्रचंड पट्ट्या लादून तिथली छायाचित्रं काढली. ती पूर्वेकडच्या शहरांत पोहोचली आणि १८६४ साली अध्यक्ष लिंकन यांनी ते खोरं राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. पण त्याच खोऱ्यातून तिथल्या मूळच्या लोकांना १८५१ साली बंदुकीच्या धाकानं हुसकावलं होतं, ते त्या चित्रांत दिसत नाही. चित्राची चौकट काय दाखवते याइतकंच ती काय वगळते, हेही विचारलं पाहिजे.

आजचा प्रश्न आणखी वेगळा आहे. पूर्वी चित्र जागेला वाचवत होतं, आता कधी कधी चित्रच जागेच्या मुळावर येतं. आइसलँडमधली एक चिंचोळी घळ एका गायकाच्या २०१५ सालच्या चित्रफितीत झळकली आणि तिथं इतकी गर्दी लोटली की, पायाखाली तुडवलेलं शेवाळ सावरावं म्हणून २०१९ साली ती बंद ठेवावी लागली. आपल्याकडे लडाखचं पँगाँग सरोवर २००९ सालच्या एका हिंदी चित्रपटानं घरोघरी नेलं, पुढचं काय ते तिकडे जाऊन आलेले सांगतील. यात दोष कॅमेऱ्याचा नाही, घाईचा आहे. तिथं पोहोचायचं, पाठ फिरवायची, स्वतःचा चेहरा मध्ये घ्यायचा आणि निघायचं. म्हणजे माझ्या नानांच्या स्टुडिओतला पडदाच पुन्हा आला, फक्त या वेळी पडदा खरा आहे!

डोम्ब्रॉव्स्किस आपल्या छायाचित्रांच्या दिनदर्शिका काढी आणि त्यावरच त्याची गुजराण होई. १९९६च्या मार्चमध्ये टास्मानियाच्या डोंगरातच, एकटा फोटो काढायला गेला असताना हृदयक्रियेनं दगा दिला. वय एक्कावन्न. पाठीवरचा कॅमेरा सोबत होता. गुरूला नदीनं नेलं, शिष्याला डोंगरानं. त्यानं साऱ्या जगाची शिखरं पालथी घातली नव्हती. बहुतेक आयुष्य एकाच बेटावर, त्याच त्या वाटांवर पुन्हा पुन्हा जाण्यात गेलं. मला त्याच्याकडून शिकावंसं वाटतं ते हेच.

दुष्काळी वर्षी उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली जातं. इंदापूरकडे पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि लोक ते पाहायला जातात. अशाच एका उन्हाळ्यात मी अम्मीला घेऊन आमच्या बाजूच्या काठावर गेलो होतो. भेगाळलेला गाळ आणि लांबवर पाण्याची रेघ. अम्मी बराच वेळ उभी राहिली, मग बोट दाखवून म्हणाली, “तिथं घाट होता.” मी त्या बोटाच्या दिशेनं एक फोटो काढला. त्यात गाळाशिवाय काही दिसत नाही. दुसऱ्या कुणाला दाखवला तर तो विचारील, हे काय काढलंय?

तुमच्या गावाला नदी असेल, ओढा असेल, निदान एखादा माळ असेल. तिथं एकदा पहाटे जा. पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच जागी, त्याच वेळी उभे राहा. फोटो चांगला येवो न येवो, कुठल्या वळणावर धुकं किती वेळ टिकतं, एवढं तरी कुणाला तरी माहीत असलं पाहिजे.